मेंढरं बसली ती जागा

एसटीतून मेकॅनिक म्हणून रिटायर झाल्यावर गेणभाऊंनी घरं तपासणाऱ्या कंपनीची फ्रँचायझी घेतली. घर विकत घेण्याआधी गिऱ्हाईक त्यांना बोलावी. ते ओल मोजायचं यंत्र भिंतीला लावत आणि खरं ते रिपोर्टात लिहीत, मग कुणाला राग येवो. आज बेल्ह्यात जे घर तपासायचं आलं, ते त्यांच्या विधवा बहिणीचं, लंकाबाईचं निघालं.

यंत्राची गरजच नव्हती. भिंतींना कमरेपर्यंत लोणा फुटला होता. हात फिरवला की पांढरी खारट भुकटी गळे. पूर्वी इथं गेणभाऊंच्या घरच्याच मेंढरांचा वाडा असायचा. पिढ्यांचं मूत मातीत मुरलं होतं, तेच आता भिंतीत चढत होतं.

"तीनदा गिलावा केला, टिकत न्हाई," लंकाबाई म्हणाली. "ह्यांचा दमाबी ह्या ओलीनंच वाढला, असं डॉक्टर म्हनला व्हता."

गेणभाऊंनी कारणाच्या रकान्यात लिहिलं : जागा चुकीची निवडली.

"दादा, जागा लाभाची हाय, तेवढं लिव," ती म्हणाली. "मेंढरं बसली तिथंच घर बांधा, असं तूच सांगितलं व्हतंस. आमी तुझा शब्द मोडला न्हाई."