चालवून दिलेली गाडी

"अजून खाली, चाचा. दोन बोटं तरी खाली घ्याच."

राजवर्धन उकिडवा बसून चाक आणि पत्रा यांच्यामधल्या फटीत बोटं घालून बघत होता. चार बोटं सहज मावत होती आणि तेवढ्यानंच त्याचं तोंड उतरलं होतं. सणसरच्या हिंदुरावांचा हा एकुलता एक. पंधरा दिवसांपूर्वी मुंबईहून कुणाची तरी वापरलेली, दोन दारांची लाल स्पोर्ट्स कार घेऊन आला होता. आता ती रस्त्याला चिकटून चालली पाहिजे, असा त्याचा हट्ट.

"आरं, लोक माज्याकडं गाडी उचलून घ्यायला येत्यात," बादशाह मिस्त्री म्हणाला. "तूच पहिला, बसवून मागणारा."

"दिसायला नाद खुळा दिसती. आन् वळणाला कलत न्हाय. इरफानला विचारा की."

इरफान म्हणजे बादशाहचा मुलगा. पुण्यात गाड्या सजवणाऱ्या गॅरेजात चार वर्षं काम करून नुकताच घरी परतला होता आणि बापाच्या गॅरेजला नवं वळण लावायच्या मागं होता.

"खरं हाय, अब्बा. गाडीचं वजन जेवढं खाली, तेवढी ती वळणात झुकत न्हाय. चिकटून जाती."

आणि ते खरंच होतं, बादशाहलाही ठाऊक होतं. पण पस्तीस वर्षं काटेवाडीच्या फाट्यावर बसून त्यानं उसाच्या ट्रकांच्या स्प्रिंगांचे पाटे भरले होते. गाडी कशानं चालते हे त्याला पुस्तकातून कळलं नव्हतं, खांद्यानं कळलं होतं.

"रस्ता गुळगुळीत असंल तर चिकटंल," तो म्हणाला. "आपल्याकडं हाय का तसला? स्प्रिंगला दबायला जागा पायजे. ती जागाच काढून घेतली, तर खड्ड्यात गाडी थेट शॉकअपच्या रबरावर आपटती आन् चाक उचललं जातं. वळणात चाक हवेत गेलं, की स्टेअरिंग नुसतं हातात धरायचं. आखूड स्प्रिंग, तिला जोडीचा शॉकअप, सगळा संच मागव. पंधरा दिवसांत येईल."

"रविवारी बारामतीत गाड्यांचा मेळावा हाय, चाचा. पंधरा दिवस कुठलं!"

मग काय व्हायचं ते झालं. शुक्रवारी बादशाह नमाजाला गेला, तेवढ्यात इरफाननं ग्राइंडर लावून चारी स्प्रिंगांचे दीड-दीड वेढे कापून टाकले. बादशाह परत आला तेव्हा गाडी पोटावर बसलेल्या म्हशीसारखी दिसत होती. चाकं वरून आत कलली होती. कापलेली कडी भिंतीशी पडली होती. बादशाहनं इरफानला शिव्यांची लाखोली वाहिली. पण कापलेलं पोलाद शिव्यांनी जोडलं जात नाही.

"अब्बा, चालवून तर बघा," इरफान म्हणाला. "न्हाय आवडलं तर गाडी द्यायची थांबवू."

चालवून बघणं! बादशाहचं सगळं नाव त्या दोन शब्दांवर उभं होतं. बारामती-इंदापूर पट्ट्यात लोक मिस्त्री बरा की वाईट असं विचारत नसत, 'बादशाहनं चालवून दिली का?' एवढंच विचारत. रीत ठरलेली होती. काम झालं, की गाडीच्या डाव्या आरशाला तो लाल फडकं बांधायचा. फडकं आहे तोवर गाडी बादशाहची, मालक समोर उभा असला तरी. मग स्वतः स्टेअरिंगवर बसून कालव्याच्या कडेनं सणसरच्या वळणापर्यंत जायचा. तिथं कुणीतरी शेताच्या पाइपलाइनसाठी रस्ता आडवा खोदून मातीनं बुजवलेला. ती खचलेली चर भर वळणात आडवी होती. गाडीत खोट असली, की ती तिथं हमखास बाहेर पडायची. परत आल्यावर फडकं सोडायचं आणि मगच किल्ली मालकाच्या हातात द्यायची.

त्या वळणावर संध्याकाळी पाचाला बनाबाई दुधाची किटली घेऊन डेअरीच्या टेम्पोची वाट बघत उभी असायची. पासष्टीची, एकटीच्या जोरावर दोन म्हशी सांभाळणारी बाई. लाल फडकं दिसलं की हात वर करायची. बादशाह चरीआधी गाडी पार माणसाच्या चालीवर आणायचा, हात करायचा, म्हणायचा, "काय बनाबाई, दूध की पाणी?" ती म्हणायची, "तुमच्या इंजनात घाला, मग कळंल!" वीस वर्षं हाच एक विनोद, आणि वीस वर्षं दोघं हसत आलेले.

शनिवारी साडेचारला राजवर्धन चार मित्रांना घेऊन गाडी न्यायला आला. बादशाहनं सवयीनं आरशाला फडकं बांधलं, दार उघडलं आणि आत बघितलं. सीट रस्त्यापासून वीतभर उंच.

बादशाहचे गुडघे तीन वर्षांपूर्वीच गेले होते; नमाजसुद्धा तो खुर्चीवर बसून पढायचा. ट्रकमध्ये चढता यायचं, कारण तिथं हातांनी अंग वर ओढता येतं. इथं अंग खाली सोडायचं होतं. गाडी पहिल्यांदा आली तेव्हा, कापायच्या आधी, तो एकदा बसला होता. निघताना दोन पोरांनी काखेत हात घालून त्याला उपसून काढलं होतं. एकानं मोबाइलवर ते सगळं टिपलं आणि संध्याकाळपर्यंत फाट्यावरच्या चहावाल्यापासून मशिदीतल्या हाजीसाहेबांपर्यंत सगळ्यांनी बघितलं. खाली लिहिलं होतं, बादशाह तख्तावरून उतरताना.

आताही एका पोरानं मोबाइल बाहेर काढलाच. बाकीची तोंडात हसू दाबून उभी राहिली.

राजवर्धनच्या फोनवर हिंदुराव होते. त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. "बादशाहभाईनी चालवून दिली का, ते विचार आधी. त्याशिवाय गाडी हलवायची न्हाय."

"चाचा, आबा विचारत्यात. चालवून बघितली नव्हं?"

बादशाहनं सीटकडं बघितलं. मोबाइलकडं बघितलं. इरफानला पाठव, एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण बापाला बसता येत नाही म्हणून पोरगा चालवतोय, हे त्या पाच टाळक्यांसमोर त्याच्या तोंडातून निघेना.

"व्हय," तो म्हणाला. "सकाळीच चालवली. जा घिऊन."

इरफाननं चमकून बापाकडं बघितलं. किल्ली गेली. गाडी धूळ उडवत कालव्याच्या रस्त्याला लागली आणि ती वळल्यावर बादशाहच्या ध्यानात आलं, फडकं सोडायचं राहिलं.

पुढचं सांगायला फार वेळ लागत नाही. सपाट रस्त्यावर गाडी पोरांनी म्हटल्यासारखीच चिकटून गेली, म्हणून राजवर्धननं पाय दाबला. वळणात चर आली. गाडी पोटावर आपटली, मागचं चाक उचललं गेलं आणि ती फिरून कडेला गेली. राजवर्धनच्या तोंडावर हवेची पिशवी फुटली, कपाळाला दोन टाके पडले. बनाबाईचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

पंचनाम्यात 'महिला अचानक आडवी आली' असं लिहिलं गेलं. हिंदुरावांनी दवाखान्याचं सगळं बघितलं, गावानं त्यांना चांगलं म्हटलं. बादशाहचं नाव कुणी घेतलं नाही. घेतलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. तो आपणहून हवालदाराला भेटायला गेला.

"भाई, गाडी तुमी चालवत होता का?"

"न्हाय. तेच तर."

"मग जावा की घरी. नसती बिलामत कशाला अंगावर घेता?"

आणि लोकांची तऱ्हा बघा! महिन्याभरात तीन पोरं आपापल्या गाड्या घेऊन आली. "चाचा, त्या लाल गाडीसारखी बसवून द्या." तिसऱ्यावर बादशाहनं पाना फेकून मारला. इरफान म्हणाला, "गाडी जोरात होती, अब्बा. स्प्रिंगचं काय घिऊन बसलाय?" बादशाहला त्या दिवशी पोटच्या पोराची किळस आली, आणि लगेच स्वतःची त्याहून जास्त. पोरानं स्प्रिंग कापली होती. खोटं तो स्वतः बोलला होता.

दीड महिन्यानं बनाबाई घरी आल्याचं कळलं, तेव्हा तो सणसरला गेला. ती ओसरीवर चटईवर बसली होती. कुबडी भिंतीला टेकलेली. गोठ्यात एकही म्हैस नव्हती.

"या, भाई! संस्कृती, शेजारनं खुर्ची आण गं."

"नको," बादशाह म्हणाला, "खालीच बसतो." आणि भिंतीला धरून, दात खाऊन, तीन वर्षांत पहिल्यांदा तो जमिनीवर बसला. संस्कृती, बनाबाईची नात, पाणी देऊन चहा ठेवायला आत गेली.

"बनाबाई, ती गाडी मी चालवून बघितली नव्हती. बघितली म्हनून खोटं सांगितलं. बसता येत न्हाय म्हनून पोरं हसतील, एवढ्यापायी. मी चालवली आसती तर ती गाडी फाट्यावरनं हललीच नसती."

बनाबाईनं उशाखालून घडी केलेलं लाल फडकं काढलं. स्वच्छ धुतलेलं. इतक्या वर्षांचं ग्रीस त्यातून जवळजवळ निघून गेलं होतं.

"हे तितंच पडलं हुतं, पोरीनं उचलून आनलं. म्हनलं, भाईचं हाय, द्यावं धुऊन." तिनं ते त्याच्या हातात ठेवलं. "मी आडवी गेले न्हवते, भाई. पोरगं खोटं बोलतंय. मी कडंलाच हुते. लांबनं गाडी आली जोरात. दूध घालायला आलेली सगळी पळाली, टेम्पोवालाबी वरडला. मला आरशाला फडकं दिसलं. म्हनलं, बादशाहभाई हायेत, चर आली की हळू करतील. म्हनून मी हललेच न्हाय. म्हस व्याली हुती, तुमच्यासाठी खरवसाचा डबा घिऊन उभी हुते."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बादशाहला खाली मान घालून ऐकता तरी आलं असतं. ते फडकं दोन्ही हातांत धरून तो पोरासारखा रडला. बनाबाईनं त्याला रडू दिलं.

चहा झाला. दिवस कलला. टेम्पोचा हॉर्न वळणावर वाजून गेला. बादशाह उठायला गेला आणि गुडघ्यांनी नकार दिला. एकदा प्रयत्न केला, दोनदा केला. संस्कृती विहिरीवर गेली होती. त्यानं इकडं तिकडं बघितलं.

बनाबाई कुबडीवर जोर देऊन आधी स्वतः उभी राहिली. खांबाला पाठ लावली आणि मोकळा हात त्याच्यापुढं केला.

"धरा," ती म्हणाली. "हितं कोन बगत न्हाय."

बादशाहनं फडकं खांद्यावर टाकलं आणि तिचा हात धरला.