तपासनीसाची लाल पेन्सिल

चौतीस वर्षे बेअरिंगच्या कारखान्यात माल तपासून निवृत्त झालेल्या तपासनीसाची एक श्रद्धा अढळ होती : सदोष माल नाकारावा, चांगला आपोआप येतो. मूत्रपिंडे निकामी होऊन डायलिसिसच्या खुर्चीत बसायची पाळी आली, तेव्हा ही श्रद्धाही त्याच्यासोबत खुर्चीत बसली. सुई टोचायला हातात आता एकच धड शीर उरली होती; ती बंद पडल्यावर पुढे काय, हा प्रश्न आला की डॉक्टर विषय बदलत.

प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत नाव लागले आणि मूत्रपिंड मिळत असल्याचा पहिला फोन आला. मृत दात्याचे वय एकसष्ट, रक्तदाबाचा विकार. नामंजूर. दुसरा दाता चौसष्ट वर्षांचा, मेंदूतील रक्तस्रावाने गेलेला. तोही नामंजूर. तपासनीसाला हवा होता पंचविशीतला, निर्व्यसनी, अपघातात दगावलेला दाता. डॉक्टरांनी समजावले की तसे दाते पूर्वी बरेच मिळत. आता तरुण हेल्मेट घालतात, त्यामुळे येणारे मूत्रपिंड बहुधा साठीच्या आसपासचे असते. ते तरुणाच्या मूत्रपिंडाइतके टिकत नाही हे खरे, परंतु या वयात ते खुर्चीपेक्षा अधिक वर्षे देते. तपासनीसाने हे सारे पुरवठादाराची सबब म्हणून ऐकून घेतले. हेल्मेट त्याला तत्त्वतः मान्य होते. केवळ एवढ्या सार्वत्रिक शिस्तीची घाई त्याला अनाठायी वाटली.

कारखान्यात नाकारलेला माल परत जातो. येथे तो यादीतल्या पुढच्या माणसाकडे जातो, एवढेच त्याच्या ध्यानी आले नव्हते. दुसऱ्या फोनच्या वेळी पुढचा माणूस होता शेजारच्या खुर्चीतला, त्याच रक्तगटाचा घड्याळजी. तीन महिन्यांनी तो भेटायला आला आणि दिवसाला पाऊण लिटर पाण्यावर भागवणाऱ्या तपासनीसासमोर त्याने भरली बाटली एका दमात रिकामी केली.

"जुनं यंत्र आहे, साहेब. सुरू व्हायला आठवडा लागला, पण चालतंय. तुमची कृपा."

त्याच आठवड्यात शीर कुरकुरू लागली, आणि तिसरा फोन आला. तपासनीस पत्नीसह रुग्णालयात पोहोचला. समन्वयक बाईंनी दोन कागद पुढे केले. वरच्या कागदावर लिहिले होते : वय सदुसष्ट, पंधरा वर्षांचा रक्तदाब, मधुमेह, तीस वर्षे सिगारेट. त्याचा हात सवयीने खिशातल्या लाल पेन्सिलीकडे गेला.

"हे पुढे पाठवलंच कुणी? सरळ नामंजूर."

"अहो," पत्नी शांतपणे म्हणाली, "तो तुमचा कागद आहे. दात्याचा खाली आहे."

खालच्या कागदावर वय अडुसष्ट होते, रक्तदाब औषधाने आटोक्यात, व्यसन कोणतेही नाही. तपासनीसाने दोन्ही कागद बराच वेळ शेजारी शेजारी धरले. मग, उभ्या नोकरीत कोणत्याही पुरवठादाराशी न वापरलेल्या स्वरात, त्याने बाईंना विचारले की त्याचा स्वतःचा कागद कुणी तपासून परत तर पाठवणार नाही ना. बाई म्हणाल्या, डॉक्टरांनी सकाळीच मंजूर केलाय.

त्याने पेन्सिल पत्नीच्या हाती दिली आणि सहीसाठी पेन मागितले.