भिडूचा एक्का

भैरूनं ठेवलेल्या बदामच्या एक्क्यावर उद्धवरावांनी हुकमाचा गुलाम असा आपटला, की पाराखाली झोपलेलं कुत्रं उठून चालतं झालं. हात एक्क्यानं झालेलाच होता. एक्का भिडूचा, म्हणजे आपलाच. तो कापायचं काडीचंही कारण नव्हतं. पण उद्धवरावांचं असंच. हात आपल्या पानानं झाला तरच तो झाला, भिडूनं केला तर त्यांच्या घशाखाली उतरत नसे. मग व्हायचं तेच झालं. पुढे खरी गरज पडली तेव्हा हुकूम संपलेले, आणि विरुद्ध बाजूच्या आबाजीनं त्यांच्या डोळ्यांदेखत मेंढी ओढली. मेंढी म्हणजे दश्शी, आणि मेंढीकोटात सगळी मारामारी त्या चार दश्श्यांसाठीच.

"लक्ष कुठं असतं रं तुझं?" उद्धवराव भैरूवर गरजले. "तुमच्या बीडाकडं काय ढेकळांनी खेळत व्हता व्हय?"

पारावरचे सगळे हसले. भैरूही हसल्यासारखं करून म्हणाला, "चुकलं मालक," आणि पानं गोळा करून पिसायला लागला. हरणाऱ्यांनी पिसायचं असा नियम. आणि हरणाऱ्यांपैकी भैरूनंच पिसायचं, हा नियम कुणी केला नव्हता तरी पडून गेला होता.

भैरू उद्धवरावांचा भाडेकरू. पिंपरीला नवे कारखाने निघाले तसा तो बायकोला घेऊन बीडाकडून आला, आणि भोसरीत उद्धवरावांच्या गोठ्यालगतच्या खोलीत राहिला. कारखान्यातली पाळी संपली की सायकलवरून परत यायचा, आणि रविवारी दुपारी मारुतीच्या पारावर मालकांसमोर भिडू म्हणून बसायचा. आता मालकाला चूक कोण दाखवणार? भाडेकरू तर नाहीच, आणि गावकऱ्यांना फुकटची करमणूक कशाला बंद करायची होती!

त्या रात्री ताटात भाकरी वाढता वाढता अंबूबाई नवऱ्याला म्हणाल्या, "भैरूचं बिऱ्हाड हलतंय म्हनं. त्येची बायकू छबू सांगत व्हती. पिंपरीत खोली बघितलीया."

"का?"

"कामाला जवळ पडतं म्हनं."

"मग पडंल की जवळ."

"दोन वर्सं लांब न्हवतं पडत," अंबूबाई म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या.

उद्धवरावांनी भाकरी मोडली आणि तशीच हातात धरून ठेवली. गडी कष्टाळू, बायको लाघवी, त्यांचं काय बिनसलं असेल ते त्यांना कळेना. आपण काही वाईट वागलो असं त्यांना वाटलं नाही. आपल्याला ते कधीच वाटत नाही, नाही का?

पुढच्या रविवारच्या आदल्या दिवशी मोटेच्या नाड्यात उद्धवरावांचं बोट चेंगरलं. हात टम्म सुजला, पानं धरता येईनात. पण पार सोडवेना, म्हणून त्यांच्या जागेवर गावातला सयाजी बसला आणि ते भैरूच्या पाठीमागे त्याची पानं बघत बसले. दोन वर्षं समोर बसून खेळले होते, पण भैरूची पानं त्यांनी आज पहिल्यांदा पाहिली.

पहिल्याच उतारीला भैरूनं एक्का ठेवला. सयाजीनं निमूटपणे त्यावर मेंढी टाकली. झालं, एक मेंढी घरात! सयाजीजवळ हुकूम होता, पण त्यानं त्याला हातही लावला नाही. भैरू मान वर करून हसला, असं हसणं उद्धवरावांनी त्याच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. मग तर तो बोलायलाच लागला. आबाजीची थट्टा केली, त्याच्या भिडूला, बबनरावाला, टाळी दिली. कुणाकडे काय उरलंय ते त्याच्या बरोब्बर ध्यानात होतं. तीन डाव झाले, तिन्ही वेळा हरून आबाजीलाच पानं पिसावी लागली.

"आज भैरूला सूर लागलाय," कुणीतरी म्हणालं.

"आज त्येचा एक्का कापायला कोन न्हाई," बबनराव म्हणाला. मग भैरूच्या पाठीमागे कोण बसलंय ते आठवून त्यानं जीभ चावली आणि तंबाखूची पिशवी चाचपायला लागला.

उद्धवरावांचे कान तापले. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात; त्यांनी तर दोन वर्षं अंगणालाच शिव्या घातल्या होत्या. एकेक डाव आठवायला लागला. प्रत्येक डावात भैरूचा एक्का, त्यावर आपला हुकूम, आणि शेवटी भैरूचं "चुकलं मालक." अख्ख्या पाराला ठाऊक होतं. उद्धवराव मेल्याहून मेल्यासारखे झाले. बोट ठणकतंय असं सांगून उठले आणि गावातून न जाता ओढ्याच्या वाटेनं घरी गेले.

आठवडाभर त्यांनी भैरूशी बोलायचं टाळलं. काय बोलणार? सकाळी तो सायकल काढायचा तेव्हा हे वैरणीच्या आड उभे राहायचे. एकदा छबू ओसरीवर जुनी ट्रंक पुसताना दिसली, तेव्हा आल्या पावली मागे फिरले. मनाशी मात्र पक्कं केलं, की आता भैरूच्या पानाला हुकूम लावायचा नाही. एवढं दाखवलं तर तो राहील, असं त्यांना उगाच वाटायला लागलं.

रविवारी सूज उतरली होती. उद्धवराव आपल्या जागेवर बसले आणि हुकमाची पानं मुद्दाम हातातल्या पानांच्या पंख्याच्या पार टोकाला लावली, हात सहज तिकडे जाऊ नये म्हणून. त्या डावाला हुकूम इस्पिक. दोन मेंढ्या इकडे आल्या, एक तिकडे गेली. चौथी चौकटची, ती त्यांच्याच हातात होती.

भैरूनं किलवरची राणी उतरली. बबनरावानं बारीक पान टाकलं. उद्धवरावांकडे किलवर नव्हतं. बोटं आपोआप टोकाच्या इस्पिकाकडे सरकली. त्यांनी ती मागे ओढली, मेंढी काढली आणि राणीवर अलगद ठेवली. त्यांनी भैरूकडे बघितलं, शाबासकी मागावी तसं.

भैरूचं तोंड पांढरं पडलं होतं.

आबाजीनं किलवरचा राजा टाकला आणि मेंढीसकट हात ओढला.

"आज हुकूम घरी इसरला का उद्धवराव?" आबाजी म्हणाला, आणि पार खदखदला.

मेंढ्या दोन-दोन झाल्या, पण हात तिकडे जास्त गेले आणि डाव गेला. शेवटच्या पानांत भैरूच्या हातून किलवरचा एक्का पडला. उद्धवराव त्या एक्क्याकडे बघत राहिले.

"एक्का असून राणी का उतरलास?" त्यांनी विचारलं. आवाज गरजला नाही, बसलाच.

भैरू मान खाली घालून म्हणाला, "एक्का उतरला आसता तर तुमी त्योच कापला आसता. म्हनून राणी टाकली. मला वाटलं, तुमी ती हुकमानं मारताल."

आता पारावर कुणी हसलं नाही.

हा गडी एवढे दिवस आपल्या खोडीभोवती वाट काढत खेळत होता. आपली चांगली पानं आपल्याच भिडूपासून लपवत होता. आणि खोड मोडली त्या दिवशीही तोच तोंडघशी पडला. उद्धवरावांना वर बघवेना.

"चुकलं मालक," भैरू सवयीनं म्हणाला आणि पानांकडे हात केला.

"थांब." उद्धवरावांनी पानांवर हात ठेवला. "तुजं न्हाई चुकलं. आजचं न्हाई आन् दोन वर्सांतलंबी न्हाई. माझं चुकलं." चौघांत बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "इकडं आन. म्या पिसतो."

त्यांना पिसायची सवयच राहिली नव्हती. दुखऱ्या बोटातून पानं निसटली, दोनचार पाराखाली पडली. भैरू उतरला, पानं उचलून त्यानं फुंकरली आणि मालकांच्या हातात दिली. खोलीचं काय ठरलं, ते विचारायची उद्धवरावांची छाती झाली नाही.

त्यांनी पानं वाटली. पहिला हात भैरूचा झाला, म्हणजे पुढची उतारी त्याची. तो बराच वेळ आपल्या पानांकडे बघत राहिला. बबनराव म्हणालाही, "उतर की लेका, दिवस मावळंल."

भैरूनं पान काढलं आणि मालकांच्या हाताकडे बघत खाली ठेवलं. एक्का होता.