पिवळ्या फडक्यावरचा लाल पंजा

जाफराबादच्या बाहेर, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या पत्र्याच्या शेडमध्ये दर गुरुवारी जगातलं आठवं आश्चर्य घडत असे. ते पाहायला माणसं काळीपिवळी जीपच्या टपावर बसून येत.

शेडच्या मधोमध पलंगावर उपटेबाबा बसलेला असे. उघडी ढेरी, आणि ढेरीपासून गळ्यापर्यंत मूठमूठ भंडारा, म्हणजे हळद, थापलेली. पुढ्यात पाटावर पिवळंजर्द फडकं. "फडक्यापुढं समदे सारखे," बाबा सांगे. बायांची रांग पुढं सरके. पुष्पाबाई नावाची सेवेकरीण "हात धुवा माय" म्हणत लोट्यातलं पाणी बाईच्या उजव्या तळव्यावर ओती, आणि बाई तो ओला पंजा फडक्यावर दाबी. बहुतेकींचा नुसता ओला डाग उमटे. पण मधूनच एखादीचा पंजा उमटे तो लालभडक. शेडभर "हाऽऽ" होई, हात जोडले जात आणि बाबा पलंगावर उडी मारी.

"झाड! झाड सापडलं!"

बाधा झालेल्या बाईला आमच्याकडं बाई म्हणत नाहीत, झाड म्हणतात. एकदा झाड म्हटलं की तिचं नाव गेलं आणि बोलणंही गेलं. ती जे बोलेल ते झाड बोलतं. उपटेबाबा झाडं मुळासकट उपटत असे, म्हणून तो उपटेबाबा.

"वडाचं झाड हाय हे! सात फांद्या! मुळं पार आजोळाच्या उंबऱ्यापोत गेलीत! पाच अमावस्या मठात ठिवा, उपटून हातात देतो!"

वड कशावरून आणि पिंपळ कशावरून, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. बाबाला तूर आणि तरोट्याच्या तणातला फरक सांगता आला नसता. मठ म्हणजे शेडमागच्या पत्र्याच्या खोल्या. तिथं झाडं पहाटे अंगण झाडत, बाबाच्या भाकरी थापत आणि उरलेला वेळ पायाला दोरी बांधून बसवली जात. याला उपचार म्हणत.

दोन हजार सहा सालच्या पौषातल्या एका गुरुवारी त्या रांगेत कांताबाई उभी होती. वय छत्तीस. अख्ख्या जाफराबादच्या ब्लाउजांना काजं-बटनं तीच करी, आणि तिचं काज सूतभरही वाकडं जात नसे. तरी तिला इथं आणलं होतं. का, तर ती माणसाच्या डोळ्यांत बघत नाही, भुवईकडं बघते. लग्नात बँड सुरू झाला की कान झाकून ज्वारीच्या कणगीमागं जाऊन बसते. कुकरची शिट्टी झाली की घराबाहेर पळते. स्वतःच्या लग्नात चौथ्या दिवशी तिनं हिरवा चुडा काढून ठेवला होता, कारण त्याची किणकिण तिच्या दातांत शिरत होती. तिची सासू द्वारकाबाई तो चुडा सतरा वर्षं विसरली नव्हती.

आणि आता कांताची सात वर्षांची लेक वैजंता, तीही कान झाकायला लागली होती.

रांगेत पुष्पाबाईनं द्वारकाबाईच्या खांद्यावर हात ठेवून मायेनं चौकशी केली, "काय तरास हाय सूनबाईला?" द्वारकाबाईनं सगळं ओकून टाकलं. पुष्पाबाईनं लोटा उचलला, कांताच्या हातावर पाणी ओतलं. पंजा उमटला. लालभडक.

"बाभळीचं झाड!" बाबा कडाडला. "काटेरी! लेकरावर सावली पडली हिची! पुढच्या गुरुवारी लेकरू आणा. दोघींना संगं ठिवतो."

कांताचा नवरा संपत पंचायत समितीत बाबू होता, बारावी सायन्स झालेला. कागदाचा रंग कशानं पालटतो हे त्यानं बोर्डाच्या परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. तो बाबाच्या पायावर आडवा झाला.

खरं सांगायचं तर त्या दिवशी कांतालाही थोडं बरं वाटलं होतं. जन्मभर ती स्वतःला विचारत आली होती, मी अशी का? हळदीकुंकवाला बाया एकमेकींत मिसळतात, आणि मला मात्र "या, बसा, चहा घ्या" हे मनात चार वेळा घोकावं लागतं. माझं हसणंसुद्धा माझं नाही, जावेचं बघून बघून शिकलेलं. या प्रश्नाचं उत्तर तिला कुणी दिलं नव्हतं. बाबानं दिलं. खोटं दिलं, पण दिलं. असल्या भामट्यांची पोटं उत्तराच्या त्याच मोकळ्या जागेवर भरतात.

शनिवारी ती वैजूला घेऊन जालन्याला गेली. शाळेतल्या बाईंनी महिन्यापूर्वीच चिठ्ठी दिली होती. तिथं मस्तगड भागात लहान मुलांच्या डॉक्टर होत्या, गौहर नावाच्या. द्वारकाबाई म्हणाली, "जाऊन ये. डॉक्टरला काय कळतंय झाडातलं!"

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढं ओढला.

"मोठ्या आवाजाला कान झाकते?"

"झाकते. मी बी."

"जेवणाची ताटली बदलली तर चालतं?"

"न्हाई. मला बी न्हाई चालत."

"एकाच गोष्टीच्या मागं लागते?"

"ती बटनं रंगानं लावत बसते. मी लहानपणी एसटीचं टाइमटेबल पाठ करत हुते. अजून येतं. म्हनू?"

पेन थांबलं. "कांताबाई, मी वैजूचं विचारून राह्यले."

"आन् मी माझं सांगून राह्यले."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी त्याच कागदावरचे प्रश्न पहिल्यापासून पुन्हा विचारले, या वेळी कांताचे. मग म्हणाल्या, "ऑटिझम म्हणतात याला. मराठीत स्वमग्नता. मेंदूची घडण तशी असते, जन्मापासून. भूत न्हाई, करणी न्हाई."

"स्वमग्न म्हंजी आपल्यातच बुडालेली?" कांताला राग आला. "बिलकुल खोटं हाय. मी समद्या जगाच्या आवाजात बुडालेली हाय. आपल्यात बुडायला टाइम कुठं भेटला मला?"

"शब्द करणाऱ्यांनी तुम्हाला विचारलं नव्हतं, बाई."

"मंग मला बी हायेच का हे?"

"मी लेकरांची डॉक्टर. मोठ्या बायांमधलं कसं ओळखायचं हे आम्हाला कुणी नीट शिकवलंच न्हाई. छाती ठोकून सांगणार न्हाई. पण मला तसंच दिसतंय. औरंगाबादच्या एका मॅडमना चिठ्ठी देते, त्यांना भेटा."

परतीच्या एसटीत वैजू खिडकीच्या दांडीवरचे स्क्रू मोजत होती. कांताला चुडा आठवला, कणगीमागची जागा आठवली, शाळेत मास्तरांनी "माझ्या डोळ्यात बघ" म्हणून मारलेली छडी आठवली. एकेक गोष्ट जागच्या जागी बसत गेली. भोकरदन येईपर्यंत तिच्या डोळ्यांचं पाणी थांबलं नाही. कुणी विचारलं असतं, तर ते दुःखाचं होतं असं तिला म्हणता आलं नसतं.

मग बाबाचा लाल पंजा कुठून आला?

सोमवारी उत्तर मिळालं, धुण्याच्या दगडावर. वैजूच्या फ्रॉकला वरणाचा पिवळा डाग होता. कांतानं साबण घासला. डाग लाल झाला.

शेडमधल्या एकूण एक बाईनं हा चमत्कार जन्मभर आपल्या हातांनी केला होता. कुंकूसुद्धा हळदीला चुना लावूनच करतात. पण जे दगडावर दिसतं ते पाटावर दिसलं की देव होतं, आणि मग डोक्याला सुट्टी! कांताला ही सुट्टी घेता येत नव्हती. तिला गोष्ट म्हणजे गोष्ट दिसे, दगडावर काय आणि पाटावर काय.

गुरुवारी ती वैजूला घेऊन सकाळपासून पाटाजवळ बसली. द्वारकाबाई आणि संपत मागं उभे होते. कुणी अडवलं नाही, झाड पाटाजवळ बसलेलं चांगलंच. पुष्पाबाईजवळ दोन लोटे होते. पुष्पाबाई आधी घरच्यांशी मायेनं बोले, मग लोटा निवडी. वीस बाया झाल्या आणि वैजूची पाळी आली. पुष्पाबाईनं उजवा लोटा उचलला.

"त्यो नको," कांता म्हणाली. "डाव्यातलं घाला."

"का गं माय?"

"वीस बाया झाल्या. डाव्या लोट्याच्या सोळा, एक बी लाल न्हाई. उजव्याच्या चार, चारी लाल."

"झाड बोलून राह्यलं!" बाबा ओरडला. "बाई न्हाई बोलत ही! धरा तिला!"

"बाबा, तुम्हीच म्हन्ले, फडक्यापुढं समदे सारखे. मंग समद्यांचं बघू." तिनं उजवा लोटा काढून घेतला. यात टोमणा नव्हता. तिला खरंच सगळ्यांचं बघायचं होतं. "आत्याबाई, हात द्या."

द्वारकाबाई "अगं, अगं" म्हणेपर्यंत तिच्या तळव्यावर पाणी पडलं आणि पंजा फडक्यावर दाबला गेला. लालभडक.

"अहो, तुमचा."

संपतनं हात मागं लपवला. सायन्सवाला! त्याचाही उमटला. लाल.

"बाबा, आता तुमचा."

बाबा पलंगावर मागं सरकला, कांता पुढं झाली, आणि या ओढाताणीत लोटा बाबाच्या ढेरीवर उपडा झाला. ढेरीवरच्या पिवळ्या भंडाऱ्यातून लाल ओघळ निघाले.

मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, बाबाच झाड निघालं!"

"कशाचं रं?"

"ढेरीवरून तर भोपळ्याचं दिसतंय!"

"भोपळ्याचा वेल असतो," कांतानं दुरुस्ती केली, आणि शेडभर हसू फुटलं.

हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "चुन्याची निवळी हाय ही, चुन्यावरचं नितळ पानी, आन् फडकं हळदीत रंगवलेलं. हळदीच्या डागाला साबण लागला की लाल होतो का न्हाई? तुम्ही समद्यांनी धुतलेत की डाग."

बाया आपापल्या हातांकडं बघत राहिल्या. मग दोघी-तिघी उठल्या आणि मागच्या खोल्यांकडं दोऱ्या सोडायला गेल्या. बाबानं तेवढ्यात धोतर आवरलं आणि मागच्या दारानं पुष्पाबाईसकट जीप गाठली.

जाफराबाद शहाणं झालं असं मी लिहिणार नाही. कांतानंच लोट्यावर करणी केली, असं अर्धं गाव आजही म्हणतं. बाबा दुसऱ्या तालुक्यात बसतो. द्वारकाबाई दोन दिवस हात पदराखाली धरून होती. तिसऱ्या दिवशी कांता कुकर लावायला उठली तेव्हा ती म्हणाली, "तू हो बाहीर. मी बघते शिट्ट्या." माफी नव्हतीच ती. पण कांता बाहेर झाली.

त्या दुपारी दोरीतून सुटलेली नंदाबाई दारात आली. तीन अमावस्या ती मठात होती. ओटीवर बसेना, उंबऱ्याच्या रेघेकडं बघत बोलत राहिली.

"त्या डॉक्टरीणबाईनं काय काय इचारलं, सांगता का? मला गोधडीची शिवण अंगाला लागली की रडू येतं. मान्सं बोलायला लागली की मी त्यांचे शब्द मोजते. हे बी त्यात हाय का?"

बाबा असता तर झाडाचं नाव सांगून मोकळा झाला असता.

"मला न्हाई माहीत," कांता म्हणाली. "येत्या शनिवारी औरंगाबादच्या मॅडमकडं जायचं हाय. चला संगं, इचारू."

वाचणाऱ्यांनो, "मला माहीत नाही" एवढं म्हणायची लाज सोडा. तुमच्या घरातली एखादी बाई कान झाकत असेल, तर आधी बँड बंद करा आणि तिला विचारा, काय होतं गं? तिला बोलू द्या. आणि बोलेल ती बाई, झाड नव्हे.