वाटीत वाढणारे हाड

धायरीतल्या त्या मंगल कार्यालयात चपलांचा ढीग जिन्यापर्यंत पोचला होता. मच्छिंद्र महाराजांनी सुपारीएवढा पांढरा, कोरडा तुकडा चिमटीत धरून तीर्थाच्या वाटीत सोडला आणि डोळे मिटले. दहा मिनिटांत तुकडा दुप्पट झाला. सभागृहाने हात जोडले.

"वाटीत हाड वाढतं, तर पायात का नाही वाढणार?" महाराज गरजले. "सात रविवार लेप. ऑपरेशन बंद, गोळ्या बंद! आणि हे मी सांगत नाही, विज्ञान सांगतंय!"

मागच्या पडद्यावर विज्ञान अवतरले. शेवटच्या रांगेतल्या डॉ. उल्का मराठे यांनी मान खाली घातली. पडद्यावर त्या स्वतःच होत्या, एका विज्ञान प्रदर्शनातल्या चित्रफितीत.

त्यांच्या प्रयोगशाळेतला सच्छिद्र साचा सिरॅमिकची पूड आणि पाणी शोषणारे जेल यांचा होता. तुटलेल्या हाडातल्या पोकळीत तो केवळ आधार देतो; नवे हाड शरीराच्या पेशीच घडवतात. एवढे सांगायला मिनिटभर पुरले असते. प्रदर्शनात उल्काबाईंनी त्याऐवजी तुकडा पाण्यात टाकला आणि हसून म्हटले, "पाहा, हाड वाढतंय!" टाळ्या पडल्या. "माणसांना कधी मिळणार?" कुणीतरी विचारले. "लवकरच!" प्रयोग अजून सशांपलीकडे गेलेला नव्हता.

शेजारच्या खुर्चीवरच्या वृद्धेने पडद्याकडे पाहिले, मग त्यांच्याकडे.

"तुमीच न्हवं त्या म्याडम? मी तुळजाबाई. नडगी जुळंना झालीय. तुमच्या भरवशावर मंगळवारचं आपरेशन मोडलं बगा."

तिच्या पायावरच्या पट्टीखालून दुर्गंधी येत होती. उल्काबाई उठल्या, तिची पाण्याची बाटली मागून घेतली आणि थेट व्यासपीठावर गेल्या.

"महाराज, एक तुकडा द्या."

"श्रद्धा नसलेल्याच्या हातून तो वाढत नाही, बाई!"

"उत्तम. माझी मुळीच नाही. पाहू या."

"द्या की, महाराज!" गर्दीतून कुणी ओरडले. "बाईंची फजिती तरी बघू!"

नाइलाजाने तुकडा मिळाला. उल्काबाईंनी बाटलीतले नळाचे पाणी तिथल्याच एका पेल्यात ओतले; त्यात तोही दहा मिनिटांत दुप्पट झाला. त्यांनी तो बोटांनी दाबला, भिजल्या साबुदाण्यासारखा चिरडला.

"हाड असं चिरडलं जातं? कोरडं जेल पाणी पितं आणि फुगतं, मग पाणी तीर्थाचं असो की नळाचं. फुगणं म्हणजे वाढणं नव्हे. ही युक्ती मुळात माझी. यांनी फक्त तिला गंध लावलं."

महाराजांना त्याच क्षणी समाधी लागली.

"मग तुम्ही तेव्हा तसं का बोललात?" पुढच्या रांगेतून प्रश्न आला.

"टाळ्या आवडल्या म्हणून," उल्काबाई म्हणाल्या. त्यांनी पेला सगळ्यांना दिसेल असा खाली ठेवला. "म्हणून यापुढे माझंही म्हणणं तपासून घ्या. किती रुग्णांवर पाहिलं, किती जण बरे झाले नाहीत, विचारा. वाटी स्वतःच्या हातात घ्या, पाणी बदलून पाहा. आणि डॉक्टरांनी दिलेली तारीख कुणाच्याही चमत्कारासाठी मोडू नका."

इस्पितळाकडे जाताना रिक्षात तुळजाबाईने त्यांचा हात धरला.

"माजा पाय ऱ्हाईल का हो?"

धीराचा एक गोड शब्द जिभेवर आला. उल्काबाईंनी तो गिळला.

"माहीत नाही, तुळजाबाई. डॉक्टर तपासून सांगतील."

प्रदर्शनाच्या दिवशीही त्यांनी एवढेच म्हणायला हवे होते: माहीत नाही.