अर्धी ओवी

माझ्या दोन्ही पायांत चपला होत्या. उजवी उजव्यात, डावी डाव्यात.

देवळासमोरच्या खळ्यात मी उभा होतो. तोंडात धूळ होती आणि आतून माणसांचा ओरडा येत होता. बाबल्या, ज्याने वेवजीच्या पाड्यात पारायण ठेवलं होतं तो, धडपडत बाहेर आला. डोक्यावर कौलांचा चुरा. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे.

"अण्णा, तुमी कवा आलात बाहेर?"

जमीन हलली तेव्हा देवळात तीस माणसं होती. त्यांच्या गुडघ्यांवरून, पोरांवरून उड्या मारत मी दार गाठलं आणि दारात थांबून चपला घातल्या. तेवढा वेळ मला मिळाला. "उठा" म्हणण्याइतका मिळाला नाही.

आत ओवी वाचणारी रूपी तशीच बसली होती. पोथीवर बोट ठेवून.

साल दोन हजार एकोणीस, जानेवारी. नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीची जमीन हलत होती. कधी दिवसाला एकदा, कधी चारदा. लोक घरं सोडून तंबूत राहायला लागले होते. बाबल्या आधीच म्हणाला होता, "अण्णा, आवंदा तंबूतच वाचू. देवळाच्या भिंतीला चीर पडलीय."

मी काय म्हणालो? "व्यासपीठ एकदा मांडलं की हलत नाही. जमीन हलते म्हणून देव हलतो काय रे?"

लोकांनी माना डोलावल्या. मला बरं वाटलं. लोकांनी मान डोलावली की मला नेहमीच बरं वाटायचं.

मी डहाणू रोडला रेल्वेत पॉइंट्समन होतो, चौतीस वर्षं. शिक्षण सातवी. पोथी माझी मी शिकलो, कुणा शास्त्रीबुवाच्या पाया न पडता, आणि त्याचाच मला माज. रिटायर झाल्यावर पाड्यापाड्यांत पारायणं करायला लागलो. माझ्यासमोर सरपंचसुद्धा मांडी घालून बसायचा. आणि माझा एक नियम होता: ओवी अर्धी टाकून उठायचं नाही. आग लागली तरी नाही.

रूपी पलीकडे गुजरातेत एका कंपनीत पॅकिंगला जायची. तिच्या मुलीच्या, रुचिताच्या, पहिलीच्या पुस्तकावरून ती वयाच्या चाळिशीत अक्षरं शिकली, कशासाठी तर पोथी वाचायला. दरवर्षी मागे लागायची, "अण्णा, एकच ओवी मला वाचू द्या ना."

"बोट ठेवून वाचणाऱ्यांसाठी पोथी नसते, रूपी. आधी बोट सोडायला शीक."

लोक हसायचे. तीही हसायची. पुढच्या वर्षी परत विचारायची.

त्या दिवशी, पारायणाच्या तिसऱ्या दुपारी, माझा घसा बसला होता. चहा येईपर्यंत म्हणून मी सरकलो आणि तिला जागा दिली. ती एकेक अक्षर लावत वाचत होती. मी मनात म्हणत होतो, आटप बाई. तेवढ्यात खालून ट्रक गेल्यासारखा आवाज झाला.

बाकीची माणसं उठली, धावली, कशीबशी बाहेर पडली. ती उठली नाही. भिंतीच्या वरच्या विटा तिच्या हातांवर पडल्या.

भिंत पडल्यावर दोन दिवसांनी मी दवाखान्यात गेलो. उजव्या हाताची दोन बोटं काढली होती, अंगठ्याजवळचं आणि मधलं. डावा हात कोपरापासून प्लास्टरमध्ये. तिचा नवरा हाल्या खाटेच्या पायथ्याशी बसला होता. तो उठला नाही.

"आले व्यासमहाराज," तो म्हणाला. "तुमची पोथी हिला उठू देत नाय. तुमाला बरी उठू देते?"

"गप ना तू," रूपी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "अण्णा, तुमाला लागलं नाय ना कुठं?"

मी मान हलवली.

"पुरी केली मी ओवी. दोन शब्द उरलेले. ते म्हटले, मंग ओरडले."

तिने हे टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मी तिथे उभा राहू शकलो असतो. ती हिशोब मागत नव्हती की दोष देत नव्हती. पाठ झालेला धडा मास्तरला म्हणून दाखवावा तसं सांगत होती.

घरी येऊन मी माझी घरची पोथी काढली. माझा नियम कुठे लिहिलाय ते बघायला. म्हटलं, निदान लिहिलेलं तरी असू दे. नेहमीच्या चालीत वाचायला गेलो तर जीभ आपली पुढे धावायची आणि डोळ्यांना काही दिसायचं नाही. शेवटी बोट ठेवलं. रूपीसारखं. एकेक शब्द लावत बारा दिवस पोथी वाचली.

नियम कुठेच नव्हता.

तो मी केला होता. फार वर्षांपूर्वी एका पाड्यात मी वाचत असताना चार जण बिडी ओढायला उठून गेले, त्याचा राग येऊन. तो राग मी देवाच्या नावावर खपवला. आणि मीपणा सोडायला सांगणारी पानंच्या पानं, जी मी हात वर करकरून म्हणायचो, ती त्या बारा दिवसांत मी पहिल्यांदा वाचली.

फेब्रुवारीत बाबल्याचा फोन आला. "पारायण अर्धं राहिलंय, अण्णा. रूपी रोज विचारते."

गेलो. खळ्यात ताडपत्रीचा तंबू होता. हाल्यासुद्धा आला होता, पण पाठ फिरवून बसला होता. मी उभ्यानेच सांगितलं, "तो न उठायचा नियम पोथीत नाही. मी माझ्या पदरचा घातला होता. आणि त्या दिवशी पहिला पळालो तो मीच."

मग मागून म्हातारी नवशी म्हणाली, "म्हंजे एवढी वरसं आमी मुतायचं दाबून बसत होतो, ते फुकटच?"

सगळे हसले. रूपीही हसली. हाल्या तेवढा हसला नाही.

"आज वाचणार कोण?" बाबल्याने विचारलं. मी रूपीकडे बोट दाखवलं. ती व्यासपीठावर बसायला तयार नव्हती. नवशीने ढकलून बसवली. देवळातलीच पोथी उघडली. त्या पानावर अजून विटेची भुकटी होती, आणि डाग.

रूपीने पट्टी बांधलेला हात पानावर ठेवला आणि थांबली.

"बोटाबिगर ओळ सुटते, अण्णा."

मी खाली मातीत बसलो, व्यासपीठाला लागून, आणि माझं बोट पुढच्या ओवीखाली ठेवलं. ती अक्षरं लावायला लागली. इतक्या वर्षांची सवय; बोट आपसूक पुढे सरकलं.

"पळू नका, अण्णा," ती हळूच म्हणाली.

मी बोट मागे आणलं.

जमिनीत खोल कुठेतरी गुरगुर झाली. तंबूचा बांबू करकरला. "ज्यांना उठायचंय त्यांनी उठा रे," मी मोठ्याने म्हणालो. हाल्या उठला. बाहेर गेला नाही. येऊन बायकोच्या मागे उभा राहिला.

रूपी पुढचं अक्षर लावत होती. मी बोट तिथेच धरून ठेवलं.