राबाचा धूर

कळंबला जायला कर्जतहून एसटी आहे, रिक्षा आहेत, आणि घाटावरून आपली गाडी घेऊन निघालं तर माणूस जेवणाच्या वेळेला पोचतो. देवेशला मात्र भावाच्या शेतात आकाशातून उतरायचं होतं. सरळ वाट सोडून आडवाट धरणारी माणसं असतात, हा त्यांच्यातलाही वरचा.

कारण बांधाचं होतं. वडील गेल्यावर जमिनीचे दोन वाटे झाले. देवेशने आपला वाटा एका रिसॉर्टवाल्याला विकला आणि थोरल्या भावाला, कोंडाजीला, सगळे कागद झाल्यावर सांगितलं. कोंडाजी भांडला नाही. एवढंच म्हणाला, "तुझा वाटा, तू इकलास. पन आता माझ्या बांधाला पाय लावायचा नाय." कोंडाजीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. एकदा बोलला की स्वतःलाही ती पुसता यायची नाही. त्याने लग्न केलं नव्हतं आणि देवेशचं टिकलं नव्हतं. दोन भावांच्या दोन चुली, आणि दोन्हींवर एकेकट्याचं शिजत होतं.

देवेश घाटावरच्या क्लबात ग्लायडर उडवायचा. ग्लायडरला इंजिन नसतं. त्याला ओढून वर नेऊन सोडतात, आणि मग तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा शोधायची, तिच्यात घिरट्या घालायच्या, उंची कमवायची. हवा मिळाली नाही तर खालचं एखादं शेत बघून मुकाट उतरायचं. त्यात कोणी नावं ठेवत नाही. देवेशच्या डोक्यात किडा वळवळला तो इथेच. वरून आलेल्या माणसाने बांधाला पाय लावला, असं कोण म्हणेल? शिवाय मुद्दाम आला असंही दिसणार नाही. दोन उन्हाळे तो घाटाच्या कडेपर्यंत जायचा, खाली कोकण दिसलं की परत फिरायचा.

तिसऱ्या उन्हाळ्यात, एप्रिलच्या एका भर दुपारी, तो कड ओलांडून गेला. खाली खालापूरच्या कारखान्यांचे पत्रे चमकत होते. एक्स्प्रेस वेवर गाड्या मुंग्यांसारख्या सरकत होत्या. समुद्राकडून खारा वारा लागला होता, आणि खारा वारा आला की वर चढणारी हवा मरते. उंची भराभर जायला लागली. दुसरा पायलट असता तर घामाघूम झाला असता. देवेशला हवं होतं तेच घडत होतं, तरी घाम त्यालाही फुटला. कर्जत मागे पडलं, उल्हास नदी गेली, आणि पुढे कळंब दिसलं.

शेत ओळखायला वेळ लागला नाही. रिसॉर्टचा निळा पोहण्याचा तलाव आणि त्याला चिकटून कोंडाजीची जमीन. भाताचं रोप टाकायच्या जागांवर शेण, पालापाचोळा, गवत यांचे थर रचून वर माती पसरलेली होती. राब लावून तयार होते, फक्त भाजायचे राहिले होते. बाजूचं मोठं खाचर मोकळं होतं. लहानपणी तिथेच दोघं खेळायचे. देवेशने चाक खाली सोडलं. म्हणायचं काय, तेही ठरलेलं होतं: दादा, हवा संपली.

तेवढ्यात शेतात एक माणूस पळताना दिसला. हातात पेटती चूड होती. त्याने एका राबाला आग लावली, धावत जाऊन दुसऱ्याला लावली, मग तिसऱ्याला, चौथ्याला. भर दुपारी, वारा सुटलेला असताना कोणी शहाणा राब भाजत नाही. धुराचा जाड खांब उठला आणि दोन घारी कुठूनशा येऊन त्यात फिरायला लागल्या. ग्लायडर धुरात शिरलं. उजवा पंख कोणी खालून खांदा द्यावा तसा उचलला गेला आणि चढती हवा दाखवणारं यंत्र पिपाणीसारखं वाजायला लागलं.

त्याला उतरता आलं असतं. हे तो पुढे स्वतःपाशी कितीदा कबूल करत राहिला. पण बुडत्याला काडी दिसली की हात आपोआप जातो. त्याने ग्लायडर वळवलं, घिरटी घातली, मग दुसरी. शेत लहान होत गेलं. खाली तो माणूस कपाळावर हात धरून वर बघत उभा होता. पंख हलवून ओळख द्यायची, एवढंही देवेशला सुचलं नाही. घाटमाथ्याच्या वर निघाल्यावर त्याने नाक पूर्वेकडे केलं. गरज सरो, वैद्य मरो.

संध्याकाळी क्लबात कौतुक झालं. त्यांच्यात रीतच होती, ज्याचं उड्डाण भारी त्याने ते सगळ्यांना सांगायचं. देवेशने रंगवून सांगितलं, राबाच्या धुरावर चढलो म्हणाला, सगळे हसले, कोणी पाठ थोपटली. शेत कोणाचं ते त्याने सांगितलं नाही. मग ज्याची त्याची घरची माणसं आली, गाड्या निघून गेल्या, आणि मैदानात तो एकटा राहिला. इतकं एकटं त्याला वर ढगांतही कधी वाटलं नव्हतं. त्याने फोन काढला.

"कोन?" कोंडाजीचा आवाज म्हातारा झाला होता.

"दादा, मी देवेश. दुपारी ते विमान आलं होतं ना, त्यात मी होतो."

 मग कोंडाजी हळूहळू बोलायला लागला. कोणी परका माणूस पडतोय, मरेल बिचारा, असं त्याला वाटलं होतं. लहानपणी दोघं भाजत्या राबात सागाची सुकी पानं टाकायचे आणि कोणाचं पान उंच जातं ते बघायचे, ते त्याला आठवलं, म्हणून त्याने चारही राब एकदम पेटवले. वाऱ्याने आग पसरून कडेचा आंबा होरपळला होता.

"तू हायस ठावं असतं तर काडीच लावली नसती रं," तो म्हणाला. "उतरू दिलं असतं तुला. भाकर व्हती दोघांपुरती."

 देवेश म्हणाला, "मग उद्या येऊ? गाडीने येतो."



"रस्ता बांधावरून येतो रं," कोंडाजी म्हणाला. "मी तसं बोलून बसलोय." आणि त्याने फोन ठेवला.